क्रमांक जुळलेले गृहस्थ

मिशिगन राज्यात हिवाळा सरून रस्त्यांवर पसरलेले मीठ एप्रिलच्या पावसाने धुऊन निघाले, की डेट्रॉइटच्या उत्तरेकडील उपनगरांतून ज्या अनेक सुप्त वासनांना पालवी फुटते, त्यांत जुनी मोटार विकत घेण्याची वासना ही सर्वांत खर्चिक आणि, माझ्या मते, सर्वांत निरुपद्रवी होय. ह्या वासनेने आयुष्यात प्रथमच पछाडलेला गृहस्थ ओळखणे अवघड नाही. वय पंचावन्नाच्या आगेमागे. मुलांच्या कॉलेजची देणी नुकतीच फिटलेली. घराचे कर्ज आवाक्यात आलेले. रक्तदाबाची गोळी बिनचूक सुरू. आणि ज्या वयात त्याचे समवयस्क गोल्फच्या काठ्या खरेदी करू लागतात, त्या वयात ह्याला एके रात्री अकस्मात असा साक्षात्कार झालेला असतो, की आपण आजवर ज्यांतून कचेरीत गेलो-आलो त्या मोटारी नव्हत्याच. ती नुसती वाहने होती.

मोटार म्हणजे त्याच्या लेखी आता एकच: मसल कार. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत थोरल्या गाडीचे धिप्पाड इंजिन बसवावे आणि ती विशीतल्या पोरांच्या हवाली करावी, एवढाच ह्या जातीचा सिद्धांत. ती भरभराटीला आली १९६४ नंतर, आणि दहा वर्षांत विम्याचे हप्ते, धुराचे कायदे आणि १९७३ सालची तेलाची टंचाई ह्यांनी तिचा निकाल लावला. त्या दुःखद इतिहासात शिरण्याचे येथे कारण नाही. आमचा गृहस्थ जन्मला तेव्हा हा काळ मावळत आलेला असल्यामुळे त्याच्या ओढीला आठवण म्हणणेही कठीणच. थोरल्या चुलतभावाने एकदा मागच्या सीटवर बसवून गावाबाहेर फिरवून आणले होते, इतक्याच भांडवलावर त्याचा हा सारा व्यवहार उभा असतो.

त्याचे मन बसते ते बहुधा १९६५ च्या पाँटियाक जीटीओवर, आणि तेथूनच त्याच्या विपत्तीला आरंभ होतो. ती विपत्ती समजण्यासाठी जनरल मोटर्सच्या दप्तरातील एक जुने प्रकरण उकरणे भाग आहे. मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये, असा त्या कंपनीच्या वरिष्ठांचा सक्त हुकूम होता. पाँटियाक विभागाचे त्या वेळचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी हे हुकूम बारकाईने वाचणारे असल्यामुळे त्यांच्या ध्यानात आले, की नवी गाडी काढायची तर वरून मंजुरी लागते, पण गिऱ्हाइकाने मागितलेल्या जादा सामानाला ती लागत नाही. सबब १९६४ च्या टेम्पेस्ट लमान्स गाडीवर सुमारे २९५ डॉलरांचे जादा सामान म्हणून ३८९ घनइंचांचे इंजिन आणि तदनुषंगिक साहित्य देण्यात येऊ लागले, त्या सामानाला जीटीओ हे भारदस्त नाव इटलीच्या फेरारीकडून न विचारता उचलण्यात आले, आणि वरिष्ठांना ह्याचा सुगावा लागून त्यांच्या भिवया वर चढेपर्यंत विक्रीचे आकडे असे काही येऊ लागले, की त्या भिवया मुकाट्याने खाली आल्या. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या.

कचेरीतल्या त्या चातुर्याचा भुर्दंड साठ वर्षांनंतर आमच्या गृहस्थाच्या माथी बसतो. जीटीओ ही सरकारदरबारी स्वतंत्र गाडीच नव्हती. त्यामुळे १९६५ च्या जीटीओचा आणि तिच्या गरीब लमान्स भगिनीचा गाडीक्रमांक २३७ ह्याच अंकांनी सुरू होतो. जीटीओला स्वतःचे २४२ हे अंक लाभले ते १९६६ साली. तोवरच्या एखाद्या लमान्सला धिप्पाड इंजिन, बॉनेटवरची खोटी हवेची खाच आणि चार अक्षरपट्ट्या बहाल केल्या, की तिला जीटीओ म्हणून मिरवण्यास क्रमांकाची हरकत नसते. आणि असे उद्योग करणारे कुशल कारागीर ह्या भूमीत मुबलक आहेत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पेशवाईला जो घोर लावला, तो ह्या गृहस्थाला रोज रात्री जेवणानंतर लागतो. भाऊंची ओळख पटवायला निदान त्यांना पाहिलेली माणसे तरी होती. येथे साक्ष आहे ती केवळ कागदाची. पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस नावाची एक संस्था कारखान्याच्या जुन्या बीजकांच्या नकला जपून आहे. शुल्क भरून क्रमांक कळवला, की अमुक गाडी कोणत्या सामानानिशी कारखान्याबाहेर पडली ह्याचा दाखला ती देते. हा दाखला हाती पडेपर्यंत आमचा गृहस्थ प्रत्येक जीटीओकडे संशयाने पाहतो, आणि पडल्यावर गाडीकडे पाहण्याचे त्याला फारसे कारण उरत नाही.

अध्ययनकाळातील त्याची निष्ठा मात्र वाखाणण्यासारखी असते. स्वतःच्या रोजच्या गाडीचे बॉनेट कोणती कळ ओढल्याने उघडते हे ज्याला परवापर्यंत ठाऊक नव्हते, तो आता मागच्या काचेखाली पाणी मुरून डिकीचा तळ कसा सडतो ह्यावर जेवणाच्या टेबलावर निरूपण करू लागतो. 'मॅचिंग नंबर्स' हे दोन शब्द तो इतक्या वेळा आणि अशा आवाजात उच्चारतो, की ते ऐकताना अपरिचिताचा हात नकळत चपला काढण्यासाठी खाली जावा. गाडीत आज असलेले इंजिन तेच, जे कारखान्यात तिच्यात बसवले गेले, आणि ते अंकांवरून सिद्ध होते, एवढाच त्याचा आशय. पत्नी ह्या काळात एकच प्रश्न विचारते: "एअर कंडिशनर आहे का?" त्याचे उत्तर तयार असते. "बीजकात नाही." १९६५ साली कुण्या पहिल्या गिऱ्हाइकाने तो मागितला नव्हता, म्हणून २०२५ सालच्या जुलैत ह्या बाईने घामाघूम व्हावयाचे; कारण आज तो बसवला तर गाडीचे मूल्य घटते. हा युक्तिवाद निरुत्तर करणारा खरा, पण तो कोणत्या न्यायालयात टिकेल ह्याविषयी मला शंका आहे.

पाहणीचा दिवस उजाडतो. विकणारा बहुधा निवृत्त टूलमेकर असतो, आणि तो बोलत नाही. त्याच्या गराजात मंद दिव्याखाली ती गाडी उभी असते: दोन्ही अंगांना एकावर एक रचलेले दिवे, लांबलचक बॉनेट, आणि रंग असा, की त्यात पाहणाऱ्याला आपला चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसावा. आमचा गृहस्थ खिशातून रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक काढतो. मागच्या चाकांवरचा पत्रा गंजून गेलेला असला आणि तेथे पत्र्याऐवजी लांबी भरून रंग मारलेला असला, तर चुंबक चिकटत नाही, हे तो वाचून आलेला आहे. चुंबक चिकटते. तो पुठ्ठा पसरून गाडीखाली शिरतो, बॅटरीचा झोत इकडेतिकडे फिरवतो, काय पाहावयाचे ते तेथे गेल्यावर विसरतो, आणि 'छान, छान' असे म्हणत बाहेर येतो. मग बॉनेटवर अलगद हात ठेवतो.

"इंजिन तापलेलं दिसतंय."

"सकाळी सुरू केलं होतं. तुम्ही येणार म्हणून."

येथे जाणत्या माणसाने काढता पाय घेतला असता, निदान चार तासांनी परत येण्याची तजवीज केली असती; कारण जुन्या इंजिनाचे बरेचसे दुखणे ते थंडगार असताना सुरू करण्यात कळते, धूर आणि खडखडाट उघडे पडतात ते बहुधा तेव्हाच. परंतु हा वृद्ध मनुष्य केवळ आपल्याकरता पहाटे उठला, ह्या विचाराने आमचा गृहस्थ सद्गदित झालेला असतो. बॉनेट उघडल्यावर इंजिनाचा फिकट निळा रंग मूळच्या छटेशी कितपत जुळतो ह्यावर दोघांत दहा मिनिटे विद्वत्तापूर्ण चर्चा होते. मग त्याची दृष्टी आतील पत्र्यावरच्या एका पिवळ्या रेघेवर स्थिरावते.

"ही खडूची खूण?"

"कारखान्यातल्या तपासनिसाची."

"म्हणजे मूळची?"

"मूळच्यासारखी. मीच काढली. फोटो बघून."

जीर्णोद्धाराची ही विद्या अशा थराला पोचली आहे. १९६५ साली गाड्यांचे बांधकाम घाईचे होते. रंगाचे शिंतोडे नको तेथे उडत, दारांच्या फटी सारख्या नसत, तपासनीस खडूने फराटे ओढून पुढच्या गाडीकडे वळत. आज काया चासीवरून उचलून, प्रत्येक बोल्ट निराळा धुऊन, कारखान्याने कधी दिली नाही अशी झिलई गाडीला दिली जाते, आणि एवढे झाल्यावर ते शिंतोडे आणि ते फराटे जाणत्या हाताने, मोजूनमापून, परत घातले जातात. तेव्हाच्या कामगाराची हयगय आज निष्ठेने गिरवली जात आहे हे पाहून त्या कामगाराच्या मुकादमाला काय वाटेल, हा विचार माझ्या मनाला अनेकदा चाटून गेला आहे. आमच्या गृहस्थाला मात्र त्या रेघेने पुरते जिंकलेले असते. घासाघीस करायचीच असा निश्चय करून आलेला, वाण्याच्या दुकानात सवलतीची कात्रणे नेणारा हा मनुष्य, विकणाऱ्याने किल्ली फिरवून आठ सिलिंडरांचा घनगंभीर नाद गराजाच्या भिंतींत घुमताच, मागितलेली पाच आकडी रक्कम जशीच्या तशी लिहून देतो.

पुढे जे घडते ते खरे व्यक्तिचित्राचा विषय. ३३५ अश्वशक्तीचे, पोरांनी टायर जाळावेत म्हणून बनवलेले हे यंत्र ताब्यात येताच आमचा गृहस्थ ओकलंड परगण्यातील सर्वांत सावध वाहनचालक होतो. पाऊस येणार असे भाकीत असले की गाडी बाहेर निघत नाही. खडी असलेला रस्ता वर्ज्य. दुकानापुढे उभी करावयाची तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून, दुकानापासून इतकी दूर, की तेथून चालत येताना त्याला धाप लागावी. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, कारण १९६७ पूर्वी जीटीओला डिस्क ब्रेक मागूनही मिळत नसत. तेव्हा पुढचा चौक दिसताच तो थांबण्याची पूर्वतयारी आरंभतो. ज्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर साठ वर्षांपूर्वी सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत, आणि कारखान्यांतले इंजिनियरही रात्री आपापली इंजिने आजमावून पाहत, त्याच वुडवर्डवर एका संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसलो होतो. बाजूला एक विजेवर चालणारी कौटुंबिक मोटार येऊन उभी राहिली. आत एक तरुण स्त्री, मागे बालकाची खुर्ची. हिरवा दिवा लागला आणि ती मोटार आवाज न करता दिसेनाशी झाली. "इंजिन अजून तापायचंय," आमचा गृहस्थ म्हणाला. आम्ही निघून पाऊण तास झाला होता.

हा रोग केवळ गोऱ्यांना होतो अशी कुणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. ट्रॉय, नोव्हाय ह्या बाजूंना मोटारधंद्यातील मराठी इंजिनियरांची दाट वस्ती आहे, आणि तीस वर्षे दुसऱ्यांसाठी मोटारी आखल्यावर त्यांतल्या एखाद्याला स्वतःसाठी एक हवीशी वाटली तर नवल नाही. अशाच एका स्नेह्याच्या ड्राइव्हवेवर नव्या जुन्या गाडीच्या पूजेला मी हजर होतो. सांगलीहून आलेल्या मातोश्री तबक घेऊन पुढे सरसावल्या.

"सरक रे, बॉनेटवर स्वस्तिक काढते."

"आई, बॉनेटला नको. रंगाला डाग पडतो."

"कुंकवाचा डाग? तुझ्या बाबांनी स्कूटर घेतली तेव्हा अख्ख्या आळीनं कुंकू लावलं होतं. पंचवीस वर्षं चालली."

"मग चाकाला लाव. नको, चाकाला पण नको, टायरवर ती लाल रेघ आहे ना, ती सहज मिळत नाही आता."

"अरे, मग मी ओवाळू कशाला?"

प्रश्न रास्त होता. नारळ आधीच शेजाऱ्याच्या हद्दीलगत, गाडीपासून सुरक्षित अंतरावर फुटला होता. लिंबे चाकाखाली न ठेवता चाकासमोर शोभेला ठेवली होती. क्षणभर विचार करून स्नेही घरात गेले आणि बीजकाची नक्कल, दाखला, पूर्वीच्या मालकांची पत्रे व जीर्णोद्धाराची छायाचित्रे असलेली जाडजूड फाईल घेऊन आले. मातोश्रींनी तिच्यावर हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, तिला ओवाळले. स्नेह्यांनी हात जोडले. गाडी बाजूला उभी होती, तिच्यावर पांघरूण घातलेले होते.

दर वर्षी ऑगस्टाच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर फर्नडेलपासून पाँटियाकपर्यंत अशा गाड्यांची मिरवणूक निघते. १९९५ पासून हा शिरस्ता आहे. वाचकांपैकी कोणी त्या सुमारास ह्या बाजूला आलेच, तर रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसलेला हा गृहस्थ त्यांना हमखास भेटेल. गाडी किती वेगाने जाते हे त्याला विचारू नये. त्याला ते ठाऊक नाही. कागद पाहायला मागावेत. तासभर मोकळा ठेवावा, फाईल संपेपर्यंत उठू नये, आणि उठताना आधारासाठी कृपा करून दारावर हात टेकू नये.