कडेची कात्री

पिक्चर ट्यूबचा टीव्ही मोठा अब्रूदार. व्होल्टेज उतरले की चित्र आक्रसायचे, काळी कड उघडी पडायची. म्हणून कारखानदार चित्र काचेपेक्षा थोडे मोठेच ठेवत. ६२५ रेषांपैकी चित्राच्या वाट्याला ५७५, त्यातल्याही काही चौकटीआड. पाटीतले पहिले अक्षर गेले तर गेले! काही करंटे मात्र मेकॅनिककडून मागचा स्क्रू फिरवून चित्र आखडून घेत आणि वरच्या कडेला नाचणारे पांढरे ठिपके बघत बसत.

पुढे ट्यूब गेली, कारण गेले. तरी कित्येक सपाट टीव्ही कडा छाटतातच. परंपरा टिकते ती अशी. भूमी अभिलेख खात्यानेही हे तत्त्व स्वीकारावे: सातबाऱ्यावर शेत पूर्ण, प्रत्यक्षात चार बोटे कमी. आमच्या बांधाशेजारच्यांनी तर ते गावात टीव्ही यायच्या आधीच अमलात आणले आहे.