मान त्यांचा, अपमान आमचा

संगीत नाटकाला हल्ली प्रेक्षक येत नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी गेल्या शनिवारी आमच्या तालुक्याच्या गावी यायला हवं होतं. प्रेक्षक आला होता. गुडघ्याला पट्टा बांधून, कानाला मफलर गुंडाळून, थर्मासमध्ये चहा भरून आला होता. संगीत तेवढं यायचं राहिलं, आणि नाटक अर्ध्या वाटेपर्यंत येऊन परत गेलं.

‘संगीत मानापमान’. दौऱ्यावर निघालेल्या कंपनीचा एकच प्रयोग. प्रयोगाआधी पंधरा दिवस चौकात फ्लेक्स झळकत होता. मधोमध हात जोडलेले आमचे भाऊ. भोवती भाऊंचे समर्थक, समर्थकांचे समर्थक आणि वाढदिवस जवळ आलेले दोघे-तिघे. खालच्या कोपऱ्यात, बांधकाम सभापती आणि दुचाकीचं शोरूम यांच्या फटीत, नऊवारीतले बालगंधर्व. त्यांनीही वर्गणी दिली असावी अशा बेताने त्यांना बसवलं होतं. खाली बारीक टायपात ‘संगीत : पारंपरिक’.

गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली या नाटकाच्या चाली बांधल्या. पूरबेकडच्या ठुमऱ्या, दादरे मराठी रंगमंचावर आणून बसवले आणि नाट्यसंगीताची वाटच वळवली. पण शंभर वर्षं उलटली की माणूस पारंपरिक होतो. परंपरेचं एक बरं असतं, तिला नाईट द्यावी लागत नाही.

नाटकाची वेळ नऊची. साडेनऊला भाऊ आले. पावणेदहाला समई पेटवायला घेतली, ती पंख्यामुळे पेटेना. पंखा बंद करा म्हटल्यावर कुणीतरी मेन स्विचच बंद केला, आणि त्या काळोखात समई एकदाची पेटली. मग नटराजपूजन. मग सत्कार. शालींचा गठ्ठा दोघांनी दोन बाजूंनी धरून आणला. भाऊंचा सत्कार झाला, भाऊंना आणणाऱ्यांचा झाला, सभागृह देणाऱ्यांचा झाला, सूत्रसंचालकाने शेवटी स्वतःचं नाव पुकारलं आणि पळत जाऊन स्वतःची शाल घेतली. प्रत्येकाला स्मृतिचिन्ह म्हणून काचेच्या पेटीत तबला-डग्ग्याची चिमुकली पितळी जोडी. त्या रात्री रंगमंचावर तबले दिसले ते एवढेच.

भाऊ बोलले. नाटक ही महाराष्ट्राची शान आहे, ती टिकवण्यासाठी आपण कुठल्याही थराला जाऊ, असं त्यांनी टाळ्यांच्या गजरात सांगितलं आणि तिसऱ्या घंटेच्या आत ते गेलेही. त्यांच्यामागे पहिल्या दोन रांगा उठल्या. मागच्या लोकांनी पुढे सरकायचा प्रयत्न केला, तर स्वयंसेवक धावले. त्या खुर्च्यांवर ‘राखीव’ असे कागद चिकटवलेले होते. कंपनीने नांदी म्हटली ती त्या कागदांसमोर.

पडदा उघडला. मागे महाल होता, म्हणजे फ्लेक्सवर छापलेला महाल होता. कमानी विलायती, झुंबरं विलायती. बघता बघता खांबावर नजर गेली, तर तिथे तिरक्या फिकट अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. नीट बघितल्यावर कळलं, फोटो विकणाऱ्या कुठल्याशा संकेतस्थळाचं नाव होतं. पैसे भरून फोटो घेतला की ते नाव जातं म्हणतात. इथे ते प्रत्येक खांबावर होतं. तिसऱ्या अंकात हाच महाल धैर्यधराची छावणी झाला, कारण त्याच्यासमोर एक मशाल आणून ठेवली. मशालीत बॅटरीवरचा दिवा होता आणि तो मालवताना बटणाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. ध्वनिव्यवस्था त्या रात्री चोख चालली ती त्या एका क्षणी.

ऑर्गन नव्हता. विंगेत तिरक्या पायांच्या स्टँडवर कीबोर्ड होता. वादक एका हाताने ऑर्गन, दुसऱ्या हाताने सारंगी आणि मोकळ्या वेळात व्हॉट्सॲप सांभाळत होते. तबला लॅपटॉपमध्ये होता. मूळ नाटकात पन्नासच्या आसपास पदं. इथे दहा-बारा उरली आणि त्यांतही अंतऱ्याला कात्री. पूर्वी वन्समोअरवर वन्समोअर पडून नाटक पहाटेपर्यंत लांबायचं. या कंपनीने तोही प्रश्न कायमचा सोडवला होता. भामिनीचं पहिलं पद संपलं, सभागृह ढिम्म, आणि तबला पुन्हा सुरू झाला. वन्समोअर ट्रॅकमध्येच भरलेला होता. बिचारीला ते पद पुन्हा म्हणावं लागलं. आम्ही मागितलेलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

‘मानापमाना’ची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. भामिनी श्रीमंताची लेक. धैर्यधर पराक्रमी सेनापती, पण गरीब, म्हणून ती त्याला झिडकारते. पुढे वनमाला नावाच्या साध्या मुलीच्या वेषात त्याच्या छावणीत जाते, तिथे तिचे डोळे उघडतात. वेषांतरावर सगळं नाटक उभं. आमच्या प्रयोगात वेषांतरापुरता दुसरा शालू नव्हता. गळ्यातला हार काढला की वनमाला, घातला की भामिनी, असा करार होता. एका प्रवेशात घाईने हार अर्धवटच निघाला आणि केसात अडकून राहिला. तेवढा वेळ धैर्यधर नेमका कुणावर प्रेम करतोय ते त्यालाच उमगेना. दोघांची नजरानजर झाली, आता काहीतरी होणार म्हणून आम्ही सावरून बसलो, तेवढ्यात स्पीकरमधून एका इंग्रजी बाईने ‘डिव्हाइस कनेक्टेड’ अशी घोषणा केली. त्या रात्री त्या दोघांत जुळलं ते तेवढंच.

धैर्यधराचं सैन्य एकट्याचं होतं. तो एकटा सैनिक पहिल्या अंकात भामिनीकडचा नोकर होता आणि मधल्या वेळेत लाइट बघत होता. त्यामुळे युद्धाची बातमी घेऊन सैनिक आला की रंगमंचावर अंधार पडायचा. नवा दिग्दर्शक असता तर त्याने याला प्रतीक म्हटलं असतं आणि अनुदानाचा अर्ज भरला असता.

सगळ्या मंडळींत एकच पात्र डोळे दिपवून गेलं, तो लक्ष्मीधर. नाटकातला भित्रा, मिरवणारा, पैशाच्या जोरावर भामिनीला मागणी घालणारा तो श्रीमंत. त्याच्या अंगावर खरे दागिने होते. कंठा, पोहेहार, बाजूबंद, दहा बोटांत दहा अंगठ्या. गावातल्या एका पेढीने प्रयोग पुरस्कृत केला होता आणि पेढीचे दोन नोकर विंगेत उभे राहून प्रत्येक प्रवेशानंतर अंगठ्या मोजून घेत होते. चोर आल्याची हूल ऐकून लक्ष्मीधराची घाबरगुंडी उडते, तो प्रवेश फार रंगला. नटापेक्षा विंगेतल्या दोघांनी तो जास्त मनापासून केला.

मध्यंतरात वड्याच्या गाडीवर कंपनीचे मॅनेजर भेटले. माणूस सरळ होता.

‘‘अहो, सारंगी नाही निदान एखादा तबलजी तरी आणायचात,’’ मी म्हटलं.

‘‘परवडत नाही हो साहेब. एक नाईट, वर जेवण, वर बसमध्ये सीट. सीटवर स्पीकर येतो. डिझेल, टोल, थिएटरचं भाडं, डेकोरेटर... संध्याकाळचा चहा मी मोजून पाजतो.’’

‘‘आणि एवढ्या शाली?’’

‘‘त्या आमच्याकडे नाहीत. प्रयोग संयोजकांनी विकत घेतलाय. आम्हाला ठरलेला आकडा मिळतो. शाल, चिन्हं, फ्लेक्स, भाऊंच्या गाडीतल्या माणसांची जेवणं, ते सगळं त्यांचं खातं.’’

‘‘म्हणजे मानाचं खातं वेगळं आणि गाण्याचं वेगळं?’’

‘‘हो ना. मानाच्या खात्यात कधी तूट येत नाही बघा,’’ ते म्हणाले आणि घंटा द्यायला पळाले. घंटा देणारं माणूसही त्यांनी कमी केलेलं होतं.

आता इथे रिवाजाप्रमाणे जुन्या काळाचे गोडवे गायला हवेत. गातो, पण बेताने. बालगंधर्वांनी रंगमंचावर खरे भरजरी शालू नेसले, उंची अत्तरं शिंपडली, साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी बसवली. प्रेक्षकाला काहीही कमी पडू द्यायचं नाही, या हट्टापायी त्यांची गंधर्व नाटक मंडळी कर्जात रुतली. हा कारभार काही शहाणपणाचा नव्हता. आजच्या मॅनेजरने तसं केलं तर दुसऱ्या दौऱ्याला बस निघायची नाही. तरी एक बघा. ते कर्ज प्रेक्षकाच्या कानांसाठी झालं होतं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत याच नाटकाचा ‘संयुक्त मानापमान’ झाला. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले, एक भामिनी आणि दुसरा धैर्यधर, तेही टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढारी तेव्हाही होते आणि निधीही तेव्हा गोळा होत होता. फक्त गोळा झालेला निधी नाटकाकडून देशाकडे जात असे. आता देशसेवकांच्या शाली नाटकाच्या जिवावर निघतात.

आणि पैसा नाही म्हणून नाटक वाईट, असंही मानायचं कारण नाही. गोव्यात जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात शिक्षक, कारकून, बागायतदार संगीत नाटक करतात. पडदा भाड्याचा असतो, मिशी चिकटत नाही, राजवाड्यातून मागचं तुळशीवृंदावन दिसतं. पण ऑर्गनला माणूस असतो, तबल्याला माणूस असतो, आणि एखाद्या म्हाताऱ्याने पुढून ‘परत घे रे’ म्हटलं की नट परत घेतो. रत्नागिरीत खल्वायनसारख्या संस्थेने हौशी कलावंतांच्या बळावर संगीत नाटकाचा संसार चालू ठेवला आहे. हे खरे धैर्यधर. खिसा फाटका, पण सूर उसना नाही. अशा गरिबीवर भामिनी काय, आम्हीही भाळतो.

आमच्या सभागृहात तशी गरिबी नव्हतीच. चौकातल्या फ्लेक्सवर, शालींवर, पितळी तबल्यांवर आणि राखीव खुर्च्यांवर झालेला खर्च मांडला, तर त्यात एक सारंगीवाला, एक तबलजी आणि भामिनीला दुसरा शालू खुशाल बसला असता. ‘संगीत नाटक गरीब आहे हो, सांभाळून घ्या’ म्हणत आम्हाला तीनशे रुपयांना आत बोलावलं. आम्हीही वनमालेच्या भाबडेपणाने धैर्यधर समजून टाळ्या वाजवायला गेलो. आत होता तो लक्ष्मीधर. त्याने वरच्या खिशातले पैसे खालच्या खिशात लपवले होते आणि फाटका अंगरखा कलाकारांना घालायला दिला होता. भामिनी सांभाळणारी ती मुलगी, तिला गळा होता हो. दोन-तीन जागा तिने अशा घेतल्या की ट्रॅक मागे पडला. ट्रॅक मागे पडल्याबद्दल तिला विंगेतून डोळे वटारलेले आम्ही पाहिले.

शेवटी साडेबारा वाजता भरतवाक्य न म्हणताच पडदा पडला, कारण थिएटरची वेळ संपली होती. सत्कारांनी खाल्लेला सव्वा तास कुणाच्या तरी वाट्यातून कापायचाच होता. भाषणातून तो कापता येत नाही. भाषणाला ट्रॅक नसतो, ते थेट असतं. बाहेर पडताना आजोबा-आजी एकमेकांना सांगत होते, ‘‘चला, तेवढंच बघायला मिळालं.’’ या एका वाक्यावर दौऱ्यावरच्या कंपन्या, संयोजक आणि भाऊ असे सगळे जगतात. आपण तक्रार करत नाही, आणि आपल्या या सहनशीलतेला ते रसिकता म्हणतात.

म्हणून पुढल्या वर्षासाठी संयोजकांना एक नम्र सूचना. काटकसर अर्धवट करू नये. सारंगी काढली, तबला काढला, चाळीस पदं काढली, भरतवाक्य काढलं. आता राहिलेलं नाटकही काढून टाकावं आणि ‘संगीत सत्कार’ नावाचा नवा प्रयोग लावावा. पाच अंकी. प्रत्येक अंकात शाल, श्रीफळ, चिन्ह. पार्श्वभूमीला लॅपटॉपमधला तबला, वन्समोअरसकट. प्रमुख भूमिकेत भाऊ, प्रयोग संपेपर्यंत थांबायच्या लेखी अटीवर. लक्ष्मीधराचे दागिने भाऊंना शोभतील, पेढीच्या नोकरांचा नाट्यानुभव कामी येईल. कंपनीची बस, डिझेल, टोल सगळं वाचेल.

तिकीट मात्र तीनशेच ठेवावं. फुकटात अपमान करून घ्यायची आम्हाला सवय नाही.