साडेसातराव

दाराशेजारच्या पाटीवर त्यांचं आडनाव आहे, पदवी आहे, आणि खाली ‘बेल एकदाच वाजवावी’ अशी सूचनाही आहे. तरी आमच्या इमारतीत त्यांना सगळे साडेसातराव म्हणतात. आयेल्ट्स नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगला त्यांना दर खेपेला साडेसात बँड पडतो आणि हवा असतो आठ. हा आकडा पहिल्यांदा घरात सांगितला तेव्हा त्यांची आई एवढंच म्हणाली, “तरी मला वाटलंच.” त्या आठवड्यापासून तिने शनिवारी मारुतीला तेल वाहायला सुरुवात केली. पेपरही बहुधा शनिवारीच येतो. तिला आणखी पुरावा नको होता.

आता कोणी म्हणेल, गृहस्थाचं इंग्रजी कच्चं असेल. अजिबात नाही. हिंजवडीत कित्येक वर्षं नोकरी, रात्री टेक्सासवाल्यांबरोबर मीटिंगा. त्या लोकांना यांचं बोलणं कळतं, यांना त्यांचं कळतं, आणि ज्या गोष्टी दोघांनाही कळत नाहीत त्यांना ते ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतात. साहेबाची तक्रार नाही. तक्रार आहे ती कॅनडाची. तिथे कायमचं जायचं तर गुणांचा हिशेब असतो. भाषेच्या गुणांत मोठी उडी मारायची तर वाचन, लेखन आणि बोलण्यात ७ आणि ऐकण्यात ८ बँड लागतो, आणि तोही चारही विषयांत एकाच बैठकीत. रावांचं लिसनिंग जवळ आलं की रायटिंग साडेसहावर उतरतं, रायटिंग सावरलं की लिसनिंग पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतं.

दुसरीकडे वय पळतंय. वयाचे पूर्ण गुण एकोणतिशीपर्यंतच, पुढे ते दर वाढदिवसाला झडतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. त्यामुळे अडतिशीतल्या या माणसाला कोणी ‘मेनी हॅपी रिटर्न्स’ म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. केक येतो, पण तो लेकीसाठी आणलाय असं सांगतात.

लिसनिंगचा सराव गॅलरीत चालतो. प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर पाट, पाटावर कागद, कानांवर मोठाले हेडफोन आणि हातात टोक काढलेली पेन्सिल. पेपर अर्ध्या तासाचा, प्रश्न ४०, आणि रेकॉर्डिंग लागतं एकदाच. साधारण ३५ उत्तरं बरोबर आली की आठ बँड. रावांची चौतिसापर्यंत येतात आणि पस्तिसावं उंबऱ्यावर अडखळतं.

त्या रेकॉर्डिंगमधलं जग मी एकदा हेडफोन लावून ऐकलं, तेव्हापासून मला रावांविषयी आदरच वाटतो. तिथली माणसं कुठल्यातरी गावाचं सभागृह भाड्याने घेत असतात, पोहण्याच्या क्लबात नाव घालत असतात, बसमध्ये विसरलेली छत्री शोधत असतात. कोणाला घाई नाही, कोणी कोणावर ओरडत नाही. चौकशीच्या खिडकीतली बाई स्वतःहून विचारते, “आणखी काही मदत करू का?” पुण्यात वाढलेल्या माणसाचा पहिला प्रश्न इथेच चुकतो, कारण हे वाक्य ऐकून तो सुन्न होतो आणि तेवढ्यात आडनावाचं स्पेलिंग निघून जातं.

बरं, ही गोड माणसं तितकीच कावेबाज. फोन नंबर सांगताना शून्याला ‘ओ’ म्हणतात, तीन-तीन आले की ‘डबल थ्री’. गुरुवार म्हणतात, तुम्ही गुरुवार लिहिता, आणि मग हळूच, “अरेच्चा, गुरुवारी मी नाही, शुक्रवारच बरा.” ही परीक्षा घेणाऱ्यांची जुनी खोड आहे, क्लासवाले तिला डिस्ट्रॅक्टर म्हणतात. पहिला भाग असा फोनवरच्या चौकशीचा. दुसऱ्यात एकच माणूस एखाद्या बागेची किंवा संग्रहालयाची माहिती देतो, तिसऱ्यात विद्यार्थी आपल्या प्रकल्पावर वाद घालतात, आणि चौथ्यात एक प्राध्यापक कासवांवर किंवा काचकामावर न थांबता बोलतो. शिवाय कोणी ऑस्ट्रेलियाचा असतो आणि ‘टुडे’ला ‘टुडाय’ म्हणून रावांच्या काळजाचा ठोका चुकवतो.

सगळ्यांत हाल दुसऱ्या भागातल्या नकाशात. ‘मुख्य दारातून आत या, कारंज्याच्या ईशान्येला वळा, कॅफे ओलांडला की उजव्या हाताला दुसरी इमारत.’ ज्या शहरात पत्ता सांगताना ‘पूर्वी टॉकीज होतं ना, तिथून आत’ असं सांगतात आणि ते टॉकीज पडून वीस वर्षं झालेली असतात, तिथल्या माणसाला ईशान्य कोण दाखवणार? वास्तुशास्त्रामुळे ईशान्य माहीत आहे म्हणा, पण तिथे रावांना आपोआप देवघर दिसतं. एकदा त्यांनी पेपरात कारंज्याच्या ईशान्येला ‘वाहनतळ’ आहे हे मनाला पटेना म्हणून उत्तर बदललं. एक मार्क गेला.

उत्तराचंही सोवळं आहे. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ म्हटलं आणि तीन लिहिले की शून्य. अनेकवचनाचा एस राहिला की शून्य. ‘अकॉमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम असतात, एक जरी कमी पडला तरी ऐकलेलं सगळं वाया. त्यांच्या बाथरूमच्या आरशावर हा शब्द लाल स्केचपेनने लिहिलेला आहे. घरी आलेले पाहुणे तो वाचतात आणि मुक्काम न करता निघतात.

सराव असा अंगात भिनला की माणूस घरातही परीक्षेतच वावरतो. मागे एकदा कामवाल्या मावशींचा फोन आला तेव्हा मी रावांकडेच चहाला होतो. फोन स्पीकरवर होता. “दादा, ताईंना सांगा, मी उद्या येते. नाय नाय, उद्या बँकेत जायचंय, परवा येते. परवा नाय जमलं तर मग सोमवारी बघा.” रावांनी फोन ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“बघितलंत? आधी उद्या म्हणाली आणि मग बदललं! डिस्ट्रॅक्टर. उत्तर आहे परवा.”

“अरे, पण मग उद्याची भांडी?” बायकोने आतून विचारलं.

“त्याचा उल्लेख नव्हता.”

मावशी सोमवारी उगवल्या. आई जपमाळ ओढता ओढता म्हणाली, “बँक म्हणाली तेव्हाच मला कळलं, ही सोमवारशिवाय येत नाही.” या माऊलीला कोणी हेडफोन लावून बसवलं तर नऊपैकी नऊ घेऊन येईल, अशी माझी खात्री आहे. रावांच्या बायकोची तक्रार मात्र निराळी. जगातल्या कुठल्याशा ग्रंथालयातली बाई एकदा बोलते ते याला अक्षरन् अक्षर ऐकू येतं, आणि मी कोथिंबीर आण म्हणून तीनदा सांगते ते नाही. रावांचं म्हणणं, तीनदा सांगते म्हणूनच. एकदाच लावलं तर लक्ष राहतं.

व्याकरणाची आघाडी आप्पांकडे आहे. आप्पा म्हणजे रावांचे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्या पिढीने इंग्रजी पाचवीला पहिल्यांदा पाहिलं, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ते घोटलं आणि पुढे रेन आणि मार्टिन या जोडगोळीच्या हवाली केलं. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तेव्हा ‘आता नियम कोण पाठ करणार?’ म्हणून आप्पा हळहळले होते. त्यांना इंग्रजीचा एकूण एक नियम येतो, अपवादांसकट. इंग्रजी बोलायची वेळ मात्र त्यांच्यावर आयुष्यात आली नाही, त्यामुळे त्यांच्या हातून इंग्रजीत एकही चूक झालेली नाही. मुलगा दिवसभर बोलतो, म्हणून दिवसभर चुकतो. हे ते जेवताना रोज सांगतात.

रावांनी अप्पा बळवंत चौकातून रेमंड मर्फीचं निळं पुस्तक आणलं, तेव्हा आप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “यात व्याख्या कुठायत?” व्याख्या नाहीत, चित्रं आहेत, हे कळल्यावर त्यांनी पुस्तक नातीकडे दिलं. खरं भांडण ‘द’वरून. आपल्या भाषेत हे प्रकरणच नाही. आपण ‘दार लाव’ म्हणतो आणि कुठलं ते ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं. इंग्रजीत ते दाराआधी सांगावं लागतं.

“नदीला लागतो, तळ्याला लागत नाही,” आप्पा.

“का पण?”

“का म्हणजे? लागतो. युनायटेड स्टेट्सला लागतो, कॅनडाला लागत नाही.”

“चला, तिथलं काहीतरी फुकट निघालं,” राव म्हणाले.

नऊ वर्षांची चिऊ इंग्रजी माध्यमात आहे. तिला नियम एकही येत नाही आणि ‘द’ एकही चुकत नाही. ती बापाचा निबंध वाचते, “बाबा, इथे ऐकायला कसंतरी वाटतंय,” म्हणते आणि खेळायला पळते. कसंतरी म्हणजे नेमकं काय, हे शोधत आजोबा आणि बाप रात्री अकरापर्यंत बसतात.

रायटिंगचं निराळंच. जनरल ट्रेनिंगच्या पेपरात आधी किमान दीडशे शब्दांचं पत्र आणि मग अडीचशे शब्दांचा निबंध, सगळं तासाभरात. क्लासच्या सरांनी निबंधाला साचा दिलाय: सुरुवातीला ‘हल्ली हा वादाचा मुद्दा आहे’, शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’. मध्ये विषय घालायचा. हीच नाणी पेपर तपासणाऱ्यांकडे दर शनिवारी किती येत असतील, याचा विचार सरांनी केलेला दिसत नाही. रावांचं साडेसहा तिथेच अडकलंय, हे मी सांगून पाहिलं. पण सरांचा फोटो क्लासच्या फलकावर आहे आणि माझा नाही.

पत्रात मात्र राव खरे रमतात. कधीही न पाहिलेल्या घरमालकाला त्यांनी हीटर बंद पडल्याबद्दल इतकी सुरेख पत्रं लिहिली आहेत की तो असता तर गहिवरला असता. सरावासाठी विषय संपले तेव्हा त्यांनी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना लिफ्टबद्दल लिहिलं. ‘आय ॲम रायटिंग टू एक्स्प्रेस माय डिसॅटिस्फॅक्शन’ अशी सुरुवात, तीन परिच्छेद, शेवटी ‘युअर्स फेथफुली’. शब्द एकशे त्रेपन्न. सेक्रेटरी वीज मंडळातून निवृत्त झालेले. असा नम्र संताप त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, जावयाला वाचून दाखवलं, आणि फलकावर उत्तर लावलं: ‘लिफ्टवाला मंगळवारी येत आहे.’ मंगळवारी लिफ्टवाला खरोखर आला. आठ महिने तोंडी ओरडून जे झालं नव्हतं ते झालं.

स्पीकिंगची मुलाखत अकरा ते चौदा मिनिटांची. त्यात एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला, आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. विषय कुठलाही येतो: तुमच्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती, मिळालेली भेट, पाण्याजवळची आवडती जागा. रावांनी यावर साताऱ्याचे काका हा एकच रामबाण उपाय काढलाय. काकांनी प्रभाव टाकला. काकांनी पुस्तक भेट दिलं. काकांनी नदीत पोहायला शिकवलं, टेकडीवर झाडं लावली, जखमी घुबड वाचवलं, वेळेचं महत्त्व पटवलं. खरे काका साताऱ्यात एसटी स्टँडजवळ मोटारच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात. मागच्या वर्षी ते लग्नाला आले तेव्हा चिऊने त्यांना घुबडाचं पुढे काय झालं ते विचारलं.

“कुठलं घुबड?”

“आणि बाबाला पोहायला तुम्हीच शिकवलंत ना?”

“मी?” काका म्हणाले. “अगं, मलाच येत नाही.”

आप्पा कडाडले, “अरे गाढवा, परीक्षेत खोटं बोलतोस?” त्यावर रावांनी शांतपणे सांगितलं की परीक्षक खरंखोटं तपासत नाही, काळ तपासतो. काका भूतकाळात व्यवस्थित आहेत. शिक्षक असल्यामुळे आप्पांना हे पटलं.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी घरात सुतकी शांतता असते. पासपोर्ट हवा, घड्याळ चालत नाही, पाण्याची बाटली पारदर्शक लागते. आई दही-साखर देते, तेवढ्यात हात चिकट झाले म्हणून पुन्हा धुवायला जावं लागतं, कारण तिथे बोटांचे ठसे घेतात. फी पंधरा हजारांच्या वर, आणि निकाल दोन वर्षांत शिळा होतो. तेवढ्या पैशांत कोकणात चार दिवस झाले असते, असं बायको पूर्वी म्हणायची. आता म्हणत नाही. कोकणात किती वेळा जाऊन आलो असतो, तो हिशेब फार वाढलाय.

मला विचाराल तर या माणसाचं इंग्रजी कॅनडाला पुरून उरेल. या परीक्षेच्याच कोष्टकात ७ म्हणजे चांगला आणि ८ म्हणजे फार चांगला. बिचारा चांगल्याच्या पुढे गेलाय आणि फार चांगल्याच्या अलीकडे उभा आहे. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे लोक कुलगुरू होतात.

तुमच्याही इमारतीत असा कोणी असेलच. शनिवारी सकाळी त्याच्या डोक्यावर ड्रिल मशिन लावू नका. निकाल काय लागला, हे तर मुळीच विचारू नका; मनासारखा लागला असता तर तोच पेढे घेऊन आला असता. पाण्याच्या टँकरबद्दल नाहीतर पार्किंगबद्दल महापालिकेला पत्र पाठवायचं असेल तर मात्र बेधडक जा. तो आनंदाने लिहून देईल, दीडशेच्या वर शब्द भरतील, आणि अकॉमोडेशनचं स्पेलिंग बरोबर असेल.