सोळा कोरांची आरती

नवं मशीन घ्यायचं आहे, हे वाक्य चारचौघांत उच्चारू नये. उच्चारलंच, तर 'ऑटोकॅडसाठी' हा शब्द तरी गिळावा. ज्याने जन्मात एक रेघ सरळ मारलेली नाही असा माणूसही तो शब्द ऐकल्यावर खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "बजेट किती?" बजेट सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. मग दुःख आवरून तो दुप्पट किमतीचं मशीन सुचवतो. आणि जे सुचवतो ते तुमच्या कामाचं नसतं, त्याच्या कामाचं असतं.

माझं काम काय, तर सांगलीच्या गावभागात एक छोटं ऑफिस. बंगले, रो-हाऊस, अधूनमधून एखादं मंगल कार्यालय. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, दारं-खिडक्यांचं शेड्यूल, मंजुरीचे नकाशे. म्हणजे बहुतेक काम सपाट. उरलेलं मालकांच्या हौसेचं: "साहेब, थ्रीडीत दाखवा की." थ्रीडीत ते घर बघतच नाहीत. अंगणातली गाडी बघतात आणि "ही पांढरी करा, आमची पांढरी आहे" एवढी दुरुस्ती सुचवून समाधानाने घरी जातात.

पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याला मी फक्त "जरा विचारायचं होतं" असा मेसेज टाकला. उलट टपाली यादी आली. यादीत सगळ्यांत वर एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड. त्याची स्वतःची मेमरी २४ जीबी, आणि भूक लागली की एकटं ४५० वॉट वीज खाणार. "मामा, रे-ट्रेसिंग खतरनाक होतं यावर. प्रकाशाचा एकेक किरण कुठे आपटतो ते मोजतं." मी म्हटलं, अरे, मी काढतो त्या खिडक्यांना ग्रिल असतं, ग्रिलला डासांची जाळी असते आणि जाळीवर घरच्यांनी लावलेला जाड पडदा. किरण आत आला तर मोजू. पुढे काचेचं कॅबिनेट, रंग बदलणारे पंखे, आणि उजळणारी रॅम. रॅम उजळल्याने काय होतं, असं विचारलं. "काही नाही, भारी दिसतं." अख्ख्या यादीतलं हे एकच उत्तर मला पटलं.

सीएसाहेबांना स्पीडशी देणंघेणं नाही. त्यांच्या मते कॉम्प्युटर ही वस्तू घसाऱ्यासाठी निर्माण झाली आहे. "चाळीस टक्के मिळतो, घेऊन टाका." मी खूश होऊन मार्चमध्ये घेतो म्हटलं, तर म्हणाले, "मार्चमध्ये घेतलंत तर निम्माच. वर्षात १८० दिवस तरी वापरात पाहिजे." म्हणजे मशीन हळू चालत असेल तर ऑक्टोबर उजाडायच्या आत हळू चाललं पाहिजे.

मुंबईला एक काम होतं म्हणून लॅमिंग्टन रोडलाही डोकावलो. दुकानदाराने मला एका नजरेत जोखलं आणि प्रोसेसरचे कोर मोजायला सुरुवात केली. हा आठ कोर, हा सोळा, हा चोवीस. मी विचारलं, "यात एका कोरचा वेग सगळ्यात जास्त कुणाचा? मला सिंगल कोरचं बघायचंय." त्याने माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं. "सर, सिंगल कोर आता येत नाही हो. बंद झालं ते."

आता हे जरा समजावून सांगायला हवं, कारण सगळी फसगत इथेच होते. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं. तेव्हाच्या पीसीत कोर एकच असायचा. आज कोर उदंड झाले, पण ऑटोकॅडच्या पोटातलं बरंचसं काम अजूनही एका वेळी एकाच कोरवर चालतं. त्यात निव्वळ आळस आहे असंही नाही. भिंत सरकली तर तिच्यावरचं माप सरकणार, माप सरकलं की मजकूर सरकणार. आधी भिंत, मग माप. दोघांना दोन कोरांकडे एकदम धाडलं तर माप येऊन उभं राहील आणि भिंत अजून वाटेत असेल.

आमच्या घरी गणपतीच्या आरतीला सोळा जण उभे असतात. शब्द पाठ फक्त थोरल्या काकांना. बाकीचे पंधरा टाळ्या वाजवतात आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर तेवढं ठासून म्हणतात. आरती कधी संपणार हे माणसं किती यावर ठरत नाही, काकांच्या दमावर ठरतं. सोळा कोरांच्या प्रोसेसरवर ऑटोकॅड हे असं चालतं. स्केचअपमध्ये मॉडेल वाढवणंही काकांच्याच गळ्यावर, आणि रेव्हिटमध्येही बरंचसं. मशीन अडकलं म्हणून टास्क मॅनेजर उघडावा, तर प्रोसेसरचा वापर सहा टक्के. सहा टक्के म्हणजे काका. उरलेल्या चौऱ्याण्णव टक्के टाळ्या. रेंडरिंग लावलं की मात्र "गणपती बाप्पा मोरया"! तिथे सोळाही जण बेंबीच्या देठापासून ओरडतात, कारण चित्राचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या हातात एकेक देता येतो. प्रोसेसरवर चालणारं व्ही-रे सगळ्या कोरांना घाम फोडतं. लुमियनसारखी सॉफ्टवेअर हा भार ग्राफिक्स कार्डावर टाकतात. तेव्हा दिवसभर रेंडर काढणाऱ्याने कोर जरूर मोजावेत, त्याचे पैसे वसूल होतील. आम्ही दिवसभर संडासाच्या भिंती सहा इंच इकडे-तिकडे करतो. आम्हाला दमदार काका पाहिजेत.

रिकामे बसणारे भाग विकायची ही कला नवी नाही. १९९१ साली इंटेलने ४८६एसएक्स नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याच्या महागड्या भावात, ४८६डीएक्समध्ये, अपूर्णांकांची आकडेमोड करणारा भाग आतच होता. एसएक्समध्ये तो नव्हता. म्हणजे सुरुवातीच्या चिपांत तो होता, पण बंद करून विकलेला! आणि ३८६ व त्यापुढच्या मशीनसाठी निघालेलं तेव्हाचं ऑटोकॅड त्या भागाशिवाय हलत नसे. मग काय करायचं? ४८७एसएक्स नावाची आणखी एक चिप विकत घ्यायची आणि शेजारच्या सॉकेटमध्ये बसवायची. ही ४८७ म्हणजे वेगळा पोशाख केलेला अख्खा ४८६डीएक्सच. ती बसली की पहिल्या चिपला गप्प बसवायची आणि सगळं काम एकटी करायची. पैसे दोघींचे, काम एकीचं, आणि पहिली शेजारी बसून पगारी रजेवर. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला कुठल्याही सरकारी खात्यात मोठं पद मिळालं असतं.

मी शिकाऊ होतो तेव्हा त्या पिढीतलं एक मशीन आमच्या ऑफिसात होतं. त्याच्या किमतीत दोन स्कूटर आल्या असत्या, म्हणून त्याला एसी होता आणि आम्हाला पंखा. ड्रॉइंगमध्ये हॅच द्यायचं आणि चहाला जायचं. परत येईतो रीजनरेशन चालू असायचं. मग दुसरा चहा. त्या काळच्या ड्राफ्ट्समन मंडळींच्या ॲसिडिटीचा उगम तिथे शोधावा.

'प्रोफेशनल' ग्राफिक्स कार्डाचंही थोडं त्या ४८७सारखंच आहे. पूर्वी त्याला क्वाड्रो म्हणत, आता ते नाव गेलं. आत चिप बहुतेक वेळा गेमिंग कार्डाच्याच घराण्यातली, पण ड्रायव्हर सॉफ्टवेअर कंपन्यांकडून तपासून घेतलेला, आणि किंमत त्या तपासणीला शोभेल अशी. हे थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत जो सॉलिडवर्क्सवर शेकडो पार्टांची असेंब्ली फिरवतो, त्याला प्रमाणित कार्डाचा खरोखर उपयोग असतो. पण माझ्या बंगल्यात सर्वांत गुंतागुंतीचा पार्ट म्हणजे जिन्याचा वळणातला टप्पा. तोही साइटवर सेंट्रिंगवाला स्वतःच्या मनाने करतो.

खुद्द ऑटोडेस्क काय म्हणतं, ते मात्र कुणी वाचत नाही. अलीकडच्या ऑटोकॅडसाठी कंपनी किमान ८ जीबी रॅम सांगते आणि शिफारस ३२ जीबीची करते. ग्राफिक्स कार्डाची मेमरी किमान २ जीबी, शिफारस ८. किमान म्हणजे सॉफ्टवेअर सुरू होईल. काम होईल असं कंपनीने कुठेही लिहिलेलं नाही. शिफारशीचे आकडे मात्र प्रामाणिक आहेत, आणि त्यात ४०९० चं नावही नाही.

आणखी एक प्रश्न आम्ही गावभागातले लोक विचारतो, जो कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात नसतो: हे उचलून माळ्यावर न्यायला किती माणसं लागतील? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. भाच्याच्या यादीतल्या काचेच्या कॅबिनेटला दोन माणसं लागली असती, आणि पाणी चढत असताना दोन माणसं फक्त धान्याच्या पोत्याला मिळतात. शिवाय ते कार्ड इतकं जड की वाकू नये म्हणून त्याला आतून टेकू लावतात. टेकू काढायची घाई केली की काय होतं, हे मला स्लॅबच्या अनुभवावरून ठाऊक आहे.

विजेचा हिशेबही कुणी करत नाही. साधारण ६०० व्हीएचा छोटा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास. त्याच्यावर ४५० वॉटचं कार्ड लावलं तर लाईट गेल्यावर तो आधार देत नाही, एकदाच शिट्टी वाजवून सोबत जातो.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर आमच्या ड्राफ्ट्समन काकांना विचारलं. काका रॉटरिंग पेन, ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटच्या वासातून इथवर आलेले. त्यांच्या कीबोर्डावर एफ-८ आणि एस्केप या दोन कळांवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत. ते म्हणाले, "साहेब, मशीन कुठलंबी घ्या. माऊसचं चाक मऊ असलेलं घ्या." बाकी कुणाच्या डोक्यातही हे आलं नव्हतं. काका दिवसभर ते चाक दाबून नकाशा सरकवतात आणि फिरवून झूम करतात. प्रोसेसर त्यांनी कधी पाहिलेला नाही. चाक मात्र आठ तास त्यांच्या बोटाखाली असतं.

मग ते पुढे म्हणाले, "आन ती लँडस्केपवाल्याची फाइल हाय नव्हं, ती आधी बघा." बघितली. बागेच्या सल्लागाराने पाठवलेल्या नकाशात नारळाची झाडं होती. छापल्यावर प्रत्येक झाड रुपयाच्या नाण्याएवढं दिसतं, पण इंटरनेटवरून उतरवलेल्या त्या ब्लॉकमध्ये झावळीची पातीन् पाती वेगळी काढलेली. अशी झाडं कंपाउंडला लागून ओळीने. आत बाथरूममध्ये उत्पादकाच्या संकेतस्थळावरचा कमोड, त्याच्या नटबोल्टच्या आट्यांसकट. शिवाय जिल्हाभर फिरून आलेल्या फायलीत साठलेले कुणाकुणाचे लेयर, न वापरलेल्या लाईनटाइप, स्केलची मैलभर यादी. काकांनी पर्ज मारलं, ओव्हरकिल मारलं, स्केलची यादी रिसेट केली, नारळाच्या जागी साधं वर्तुळ ठेवून मध्ये फुली मारली. जुनंच मशीन तुरुतुरु चालायला लागलं.

तरीही मशीन घेतलं, कारण सीएसाहेबांना शब्द दिला होता. एका कोरचा वेग चांगला असलेला मधल्या किमतीचा प्रोसेसर, ३२ जीबी न उजळणारी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, ८ जीबीचं साधं गेमिंग कार्ड, पत्र्याचं कॅबिनेट, १००० व्हीएचा यूपीएस. वाचलेल्या पैशांत २७ इंची दोन मॉनिटर आणि काकांच्या पसंतीचा माऊस. बंगल्यांच्या कामाला याहून एक रुपया जास्त घालवायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हीही घ्यायला निघाला असाल तर खुशाल निघा, पण त्याआधी तुमच्या सर्वांत जड फाइलवर एकदा पर्ज मारा आणि त्यात नारळ कुठे लपलाय तो शोधा. आणि दुकानात जाताना भाच्याला नेऊ नका.