पाऊणकीचे अप्पा

मे महिन्यातल्या प्रत्येक कौटुंबिक सहलीत एक अप्पा असतात. नसले तर कुणा मेव्हण्याला आयत्या वेळी अप्पा व्हावं लागतं. अलिबागला जायचं ठरलं की बाकीची मंडळी खोलीला एसी आहे का आणि सुरमई कुठे चांगली मिळते, हे विचारतात. अप्पा तिथी विचारतात.

त्यांच्या पिशवीत टोप्या, शिट्टी आणि नायलॉनची लांबलचक दोरी असते. दोरी बुडणाऱ्याला फेकण्यासाठी. आजवर तिच्यावर फक्त टॉवेल वाळले आहेत. खिशात कांदा. कांदा ऊन ओढून घेतो या समजुतीला काही आधार नाही, हे डॉक्टर सुनेनं सांगून झालंय. पण जेवताना तोच कांदा चिरता येतो, म्हणून तीही हल्ली गप्प असते.

ओआरएसच्या बाबतीत मात्र सून त्यांच्या पक्षात. एक पाकीट, एक लिटर पाणी. भाच्यानं एकदा अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं, तर अप्पांनी पेला हिसकावला. "औषध आहे ते, सरबत नव्हे! दाट झालं तर उलट अंगातलं पाणी काढतं." फेकवेना म्हणून त्यांनी ते बाटलीत ओतलं, लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि दिवसभर स्वतःच संपवलं. पाण्यानं आत ओढलं तर थेट किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, आधी किनाऱ्याला समांतर पोहा, हेही त्यांचं अगदी बरोबर असतं. फक्त ते घोट्याएवढ्या पाण्यात साडीच्या निऱ्या सावरत उभ्या असलेल्या वहिनींना सांगतात.

पण अप्पांचा खरा प्रांत भरती-ओहोटीचा. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं. भरतीला ती वाट समुद्र परत घेतो. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. पाऊणकी पाठ असलेला माणूस आता शोधावा लागतो. आमच्याकडे तो आपण होऊन येतो.

"आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमारास पाणी तळाला. अकराला किल्ला सोडायचा."

"आणि उद्या आलो तर?"

"उद्या पाऊण तास पुढे."

"अप्पा, मोबाइलवर दिसतं हो सगळं."

"रेंज गेली की?"

रेंज जात नाही, याचं अप्पांना मनापासून वाईट वाटतं.

अकराला शिट्टी झाली. चतुर्थी म्हणून काकूंना किल्ल्यातल्या गणपतीला अकरा प्रदक्षिणा घालायच्या होत्या. अप्पांनी पाचावर तोडलं. एक जण तटावर सेल्फी काढत होता, त्याला हाताला धरून खाली आणलं. गोड्या पाण्याच्या विहिरीत पोरं वाकून बघत होती, ती मोजून बाहेर काढली. मंडळी कोरड्या चपलांनी परतली आणि बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशी कुरकुरत उभी राहिली.

"काय झालं असतं अजून अर्धा तास थांबलो असतो तर?"

काहीच झालं नसतं, हे अप्पांनाही ठाऊक होतं. सावध माणसाची हीच गोची. त्याचं ऐकलं की काही घडत नाही, आणि काही घडलं नाही की त्याचं ऐकल्याचा सगळ्यांना पश्चात्ताप होतो. अप्पा घड्याळाकडे आणि किल्ल्याकडे आळीपाळीनं बघत राहिले.

साडेबाराच्या पुढे एक अनोळखी कुटुंब कमरेएवढ्या पाण्यातून येताना दिसलं. गृहस्थाच्या डोक्यावर चपला, खांद्यावर पोरगं. जीवरक्षकानं पुढे होऊन पोराला उचललं. अप्पा दोरी सोडवू लागले. तिला टॉवेलचे चिमटे अडकलेले होते. तेवढ्यात ती मंडळी वाळूत येऊन खिदळत बसलीसुद्धा.

"काय मजा आली!" पोरगं ओरडलं. आमच्या पोरांनी अप्पांकडे असं बघितलं, जणू त्यांनी सर्कस दाखवायची कबूल करून बँकेत नेलं होतं.

अप्पांना राहवेना. ते तडक त्या गृहस्थापुढे जाऊन उभे राहिले.

"आज तिथी कोणती, माहीत आहे का तुम्हाला?"

गृहस्थानं चपलेतलं पाणी झटकलं. "रविवार ना?"