पुस्तक सापडलं, आणायचं कोणी?

राज्यातली सार्वजनिक ग्रंथालयं वेबवर जोडली की मालवणच्या वाचकाला अकोल्याचं पुस्तक एका क्लिकवर मिळेल म्हणे. क्लिकपर्यंत काहीच अडचण नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ‘ई-ग्रंथालय’ हे सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी बनलेलं, २००० सालापासून चालू असलेलं ‘कोहा’ तर फुकटच आहे. घोडं पेंड खातं ते त्यापुढे. संगणक विनंती क्षणात पाठवतो, पण ती वाचणार कोण? सर्वांत खालच्या, ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात ग्रंथपालच कुलूप उघडतो, केर काढतो, वर्तमानपत्रं लावतो आणि वर्गणीची पावतीही फाडतो. त्यातून वेळ काढून त्याने पुस्तक बांधलं, तरी टपालखर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? वाटेत हरवलं तर? तपासणीला आलेल्या साहेबांना स्क्रीनवरची हिरवी खूण चालत नाही. दाखल नोंदवहीतल्या क्रमांकासमोर शिक्क्यासकट पुस्तक हजर लागतं.

तेव्हा कार्यकारिणी शहाणपणाने ठराव करते: आंतरग्रंथालयीन देवघेव तत्त्वतः मंजूर. सोबत एक उपसूचनाही, एकमताने: दुर्मीळ पुस्तकं वेबवरच्या यादीत घालू नयेत. लोक ती मागतात.