कोकोपीट काका

कोकोपीट काकांच्या घरी गेलं की चप्पल कुठे काढायची हा पहिला प्रश्न. दाराबाहेरच्या चपलांच्या मांडणीत वरच्या कप्प्यात पालक, मधल्या कप्प्यात मेथी आणि खालच्या कप्प्यात 'हात लावू नये, मुरत आहे' अशी चिठ्ठी लावलेली बादली. आपण चपला हातात धरून उभे राहतो. आतून काकूंचा आवाज येतो, "घेऊनच या आत. या घरात आता काहीही आत चालतं."

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटीवर मनीप्लांट चढल्यापासून ते कोणी वाचलेलं नाही. सगळी नोकरी बँकेत लेजर लिहिण्यात गेली. मातीशी ओळख म्हणाल तर पावसाळ्यात बुटाला लागायची तेवढीच. 2020 च्या टाळेबंदीत मुलीनं त्यांच्या मोबाइलवर झूम टाकून दिलं, नातीशी बोलता यावं म्हणून. नात स्वतःच्याच ऑनलाइन शाळेत अडकलेली. मग आजोबांनी आपला वर्ग आपण शोधला: 'घरच्या घरी भाजीपाला, मोफत ऑनलाइन कार्यशाळा, प्रमाणपत्रासह'. त्या दिवसापासून काका जे शिकायला बसलेत ते अजून उठलेले नाहीत.

असा एक गृहस्थ आता पनवेलात सोसायटीगणिक निघतो. खांदा कॉलनीत आहे, कामोठ्यात आहे. कळंबोलीत तर असे दोघे समोरासमोरच्या इमारतींत राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, कारण एक गांडूळखतवाला आणि दुसरा जीवामृतवाला. आमचे काका मात्र कुठल्याच पंथाचे नाहीत. जो मोफत शिकवेल तो त्यांचा गुरू.

या गुरुकुलाची वेळ ठरलेली असते. फुकटच्या झूमवर सभा 40 मिनिटांत आपोआप बंद पडते. त्यातली पहिली दहा मिनिटं 'आवाज येतोय का, येत असेल तर चॅटमध्ये होय लिहा' यात जातात. पुढची पंधरा मिनिटं सर आपण कॉर्पोरेटमधली नोकरी सोडून मातीकडे कसे वळलो ते सांगतात. मग कुंडीला खाली भोक हवं, ही माहिती येते. मग किटची जाहिरात. वर्ग मोफत असतो, किट नसतं. आणि अडतिसाव्या मिनिटाला प्रश्नोत्तरं सुरू झाली की काका माइक उघडतात. मागून काकूंच्या कुकरची शिट्टी, त्यावर काकांचा खणखणीत आवाज, "नमस्कार सर, मी पनवेलहून बोलतोय. माझी गॅलरी उत्तरेची आहे, तर..." आणि पडदा काळा.

हे एकदा झालं असतं तर गोष्ट वेगळी. काकांनी हा प्रश्न पुण्याच्या सरांना विचारला, नागपूरच्या मॅडमना विचारला, जयपूरच्या एका गुरुजींना हिंदीतून विचारला. कधी वेळ संपली, कधी नेट गेलं. एकदा सगळं जमून आलं तेव्हा सर म्हणाले, "उत्तम प्रश्न. यावर आपण पुढच्या सत्रात सविस्तर बोलू." पुढचं सत्र सशुल्क होतं.

खरं तर काकांच्या सगळ्या बागकामाचं दुःख त्या एका गॅलरीत आहे. मिरची, वांगं, टोमॅटो ही फळभाज्यांची मंडळी रोज सहा तास ऊन मागतात, हे कुठलाही वर्ग पहिल्या दिवशी सांगतो. उत्तरेच्या गॅलरीत भर दुपारचं ऊन कधी येतं? मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो तेव्हा. आणि त्यातला अर्धाअधिक काळ पनवेलवर काळेकुट्ट ढग असतात. काकांनी हे स्वतः लेजर आखून काढलं. दर तासाला गॅलरीच्या फरशीवर खडूनं उन्हाची रेघ. वर्षाअखेर ताळेबंद मांडला आणि जाहीर केलं, "आपल्या खात्यात ऊन नाही."

मग त्यांनी ऊन आणायला बाहेर जायचं ठरवलं. रोज सकाळी साडेआठला चार वांग्यांच्या कुंड्या लिफ्टनं खाली उतरतात आणि पार्किंगमध्ये तेरा नंबरच्या गाडीशेजारी बसतात. अकरा वाजता तिथे सावली येते, तेव्हा त्यांना उचलून वॉचमनच्या खुर्चीपाशी न्यायचं. वॉचमनची खुर्ची त्या वेळेला उन्हात, मग वॉचमनच काय तो सावलीत. एक वाजता वांगी परत वर. लिफ्टमध्ये वांग्याचं पान कोणाला लागलं तर काका "सॉरी" म्हणतात, आणि ते त्या माणसाला नसतं. सेक्रेटरींनी नोटीस काढली की लिफ्ट माणसांसाठी आहे. काकांनी उत्तर दिलं की पाळीव प्राण्यांना मुभा आहे, आणि कुत्रं वांग्यापेक्षा घाण करतं. उत्तर लेखी आणि तीन प्रतींत. बँकेची सवय.

खताचं प्रकरण तर आमच्या मजल्यानं भोगलंय. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत शेतकऱ्यासाठी आहे: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. दुसरा कोणी असता तर आकडे बघून गप्प बसला असता. काकांनी त्रैराशिक मांडलं. पाच लिटरची बादली, म्हणजे शेण पाव किलो, गोमूत्र पाव लिटर, गूळ पन्नास ग्रॅम, बेसन पन्नास ग्रॅम. हिशेब चोख. बांध नसल्यामुळे माती गाढी नदीच्या काठावरून कागदाच्या पुडीत आली. शेण कुठून आलं ते विचारू नका. बाजारपेठेत सकाळी पिशवी घेऊन गाईच्या मागे चालणारे गृहस्थ बऱ्याच जणांनी पाहिलेत. दोन दिवसांनी ते मिश्रण तयार झालं आणि कुंड्यांतून ओघळून खालच्या मजल्यावर आमच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं. मी तक्रार घेऊन गेलो. काकांनी सदरा उन्हात धरला, डाग निरखला आणि म्हणाले, "बघा, जिवाणू किती समान पसरलेत."

काकांना सांगणारे सगळे कोरड्या मुलखातले, हीही एक गंमत. जयपूरच्या गुरुजींनी सांगितलं, झाडांना सकाळ-संध्याकाळ पाणी. काकांनी ते जुलैत पाळलं. पनवेलच्या जुलैत! बाहेर धो-धो पाऊस, कर्नाळ्याचा सुळका चार-चार दिवस दिसत नाही, गॅलरीत तिरकी सर येते आणि काका छत्री धरून झारीनं पाणी घालतायत. त्यात कुंडीत नुसतं कोकोपीट. नारळाच्या काथ्याचा हा भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. राजस्थानात वरदान, कोकणात मुळं कुजायची हमी. सगळी मिरची बसली. त्यांचं टोपणनाव त्या वर्षीचं. नंतर ते विटांचे तुकडे आणि जाडी रेती मिसळायला लागले. ही अक्कल त्यांना कुठल्या वर्गानं दिली नाही, पण श्रेय ते वर्गालाच देतात.

सोसायटीच्या इतिहासात मात्र नोंद होईल ती दुधीची. गॅलरीत लावलेला वेल ऊन शोधत शोधत वरच्या मजल्याच्या ग्रिलवर चढला. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. आधी लांब देठाची नरफुलं येतात, मादीफूल मागाहून येतं, आणि त्याच्या बुडाशी नखाएवढी दुधी जन्मतःच असते. इतक्या उंचावर कीटक येतील याचा भरवसा नाही, तेव्हा परागीकरण हातानं करावं, असं वर्गात सांगितलेलं. आता झालं असं की नरफुलं सगळी काकांच्या गॅलरीत आणि पहिलं मादीफूल वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. काका इस्त्रीचा शर्ट घालून, नरफूल तबकात घेऊन, दिवेलागणीला वर गेले. मुलीकडची माणसं गोंधळलेली. वहिनींनी आधी पाणी दिलं, मग चहा. काकांनी फुलाच्या पाकळ्या मागे दुमडल्या, परागाची दांडी मोकळी केली आणि ग्रिलमधून हात घालून ती मादीफुलाच्या मधोमध अलगद टेकवली. वहिनींच्या सासूबाईंनी नकळत डोक्यावर पदर घेतला.

दुधी धरली. हाताएवढी झाली. आणि प्रश्न उभा राहिला, ही कोणाची? मूळ काकांच्या कुंडीत, फळ वहिनींच्या खिडकीत. प्रकरण मॅनेजिंग कमिटीपर्यंत गेलं. उपविधीत गळतीवर कलम आहे, दुधीवर नाही. शेवटी वहिनींनी ती कापून हलवा केला आणि दोन्ही घरी वाटला. काकांनी खाल्ला, पण लेजरात नोंद केली: 'दुधी, नग एक, येणे बाकी.'

त्या लेजरात सगळं आहे. कोकोपीटच्या विटा, निंबोळी पेंड, फवारणीचा पंप, ग्रो बॅग, मावा पडल्यावर आणलेलं निंबोळी तेल. दुसऱ्या बाजूला उत्पन्न: मिरच्या, पालकाची एक जुडी, कढीपत्ता 'फोडणीपुरता'. काकूंनी एकदा भागाकार केला आणि मिरचीचा भाव मोठ्यांदा वाचून दाखवला. काका म्हणाले, "पण शिक्षण मोफत झालं ना?"

शिक्षणाचा हव्यास त्यांना सगळीकडे असतो. पावसाळ्याच्या तोंडाला पनवेलच्या बाजारात डोंगरातून आलेल्या कातकरी, ठाकर बाया टाकळा, भारंगी, कुर्डू, शेवळं घेऊन बसतात. काकांनी एकीला विचारलं, "मावशी, या टाकळ्याला माती कुठली लागते?" ती म्हणाली, "पावसाची." काकांनी वहीत लिहून घेतलं आणि कंसात 'सामू विचारणे' असं टिपून ठेवलं.

एके दिवशी त्यांना शोध लागला की पनवेलात खारभूमी संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, आणि तिथे तयार झालेल्या भाताच्या जातींची नावंच मुळी पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 अशी आहेत. खाडीचं उधाण बांध फोडून शेतात शिरतं, जमीन खारवते. तशा मिठाच्या जमिनीतही तग धरणारा भात. आपल्या गावाच्या नावाचा भात आहे आणि तो कुठल्याही झूमवर आला नाही, याचा काकांना धक्का बसला. त्यांनी कुठून तरी मूठभर बियाणं पैदा केलं, जुना बाथटब गच्चीवर चढवला आणि आषाढात चिखलणी करून लावणी सुरू केली. सगळ्या सोसायटीला निमंत्रण. आम्ही पँटी वर दुमडून टबाभोवती उभे. एवढ्यात काकांनी खिशातून खड्या मिठाची पुडी काढली आणि टबात ओतली.

"अहो, मीठ कशाला?" काकू.

"खारजमीन नको?"

पहिल्या मजल्यावरचे आगरी आजोबा इतका वेळ गप्प होते. त्यांची भातखाचरं सिडकोच्या संपादनात गेली, आता त्या जागेवर रस्ता आहे. ते टबाकडे बघत म्हणाले, "आमच्या बापजाद्यांची जिनगी खारं पानी भायेर काढन्यात गेली, आन तुमी मीठ इकत आनून टाकता?" आणि खाली बसून त्यांनी उरलेली रोपं स्वतः लावून दिली. काकांच्या ओळीपेक्षा त्यांची ओळ सरळ आली, हे काकांनीही मान्य केलं.

भात झाला. चिमण्यांनी बराच नेला. उरलेला काकूंनी खलबत्त्यात हलक्या हातानं कांडला, वाटीभर तांदूळ निघाले. त्याची पेज झाली, चमचा-चमचा सगळ्यांनी प्यायली. काकू पेजेत मीठ घालायला विसरल्या होत्या. काका म्हणाले, "लागतं कुठे? जातच खारी आहे."

मुळात गणिताचे प्राध्यापक असलेल्या कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला होता. त्याची रीत साधी: आपण प्रयोग करायचा आणि काय झालं ते दुसऱ्याला कळवायचं. काकांनी यातलं कळवायचं काम विशेष मनावर घेतलंय. गेल्या पावसाळ्यापासून ते स्वतःच वर्ग घेतात. शिष्य डोंबिवलीपासून दुबईपर्यंत आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे टोमॅटो लागतात. एक शिष्या कामोठ्याहून पिशवीभर वांगी गुरुदक्षिणा म्हणून देऊन गेली. तिची गॅलरी दक्षिणेची आहे. काकांनी वांगी घेतली, लेजरात जमेच्या बाजूला चढवली आणि आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

तुम्हाला शिकायचं असेल तर वर्ग दर रविवारी सकाळी अकराला असतो. मोफत आहे, किट वगैरे काही नाही. माइक बंद ठेवा, नाहीतर तुमची कुंडी कॅमेऱ्यासमोर आणून दाखवायला लावतात. आणि गॅलरी उत्तरेची असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका. त्यांच्याकडे त्यावर तीन रविवारांचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि तो 40 मिनिटांत बंद पडू नये म्हणून झूमचे पैसे त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून भरलेत.